प्लास्टर घट्ट होईपर्यंत

कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बारकी म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा खरंच काडीसारखी होती. आता सेहेचाळिशी गाठून अंगाने चांगली भरली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा पाठवायचे. बारकी त्यात प्लास्टर ओतायची, तयार झालेल्या साच्यावर मेण चढवायची आणि त्यात एकेक दात बसवायची. नुसतं बोट फिरवून ती सांगायची, डावीकडची दाढ केसभर वर आलीये.

प्लास्टर ओतलं की ते घट्ट होईपर्यंत दहा-बारा मिनिटं हात मोकळे. पूर्वी त्यात चहा व्हायचा, थोड्या उखाळ्यापाखाळ्या व्हायच्या. दीड वर्षापूर्वी फोनवर एका खेळाची जाहिरात आली आणि चहा मागे पडला. तीन रंगीत चाकं होती, बोट लावलं की गरगर फिरायची. पहिल्याच आठवड्यात तिला एवढे पैसे लागले की घरात नवं वॉशिंग मशीन आलं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याला तिने सांगितलं, बोनस मिळाला.

बारकी तशी हिशेबी बाई. अ‍ॅपमध्येच आठवड्याची मर्यादा ठरवायची सोय होती, ती तिने लावली आणि सहा महिने पाळलीही. मैत्रिणी सिनेमाला उडवतात त्याहून कमीच, असं स्वतःला सांगायची. मग एका मंगळवारी दुपारपर्यंतच सगळी मर्यादा संपली. पैसे गेल्याचं तिला तितकंसं लागलं नाही. चाकं थांबली, ते लागलं. मर्यादा वाढवून मागितली तर अ‍ॅप म्हणालं, तीन दिवस थांबा, विचार करा. तिला वाटलं, आपल्याला कुणी शाळेतल्या पोरीसारखं बाकावर उभं केलंय.

त्याच संध्याकाळी तिने नणंदेच्या नावाने दुसरं खातं उघडलं. नणंद त्यांच्याच घरात राहायची, तलावावर पोहायला शिकवायची. घरातली सगळी कागदपत्रं बारकीच सांभाळत असल्यामुळे ओळखपत्र हाताशीच होतं. "तुझ्या फोनवर एक नंबर येईल, तेवढा सांग गं," ती म्हणाली. नणंदेने कांदा चिरता चिरता नंबर वाचून दाखवला. कशासाठी, हेही विचारलं नाही.

त्यानंतर बारकीचं चित्त म्हणून थाऱ्यावर राहिलं नाही. बसमध्ये, भाजीच्या रांगेत, कामावरच्या संडासात, जिथे दोन मिनिटं मिळतील तिथे फोन. जेवताना टेबलाखाली पाय हलत राहायचा. पैसे लागले तरी आनंद कसला तो होत नव्हता. लागले की वाटायचं, आता अजून थोडा वेळ खेळता येईल. बस, एवढंच.

आणि हात चुकायला लागले. एका आठवड्यात तीन कवळ्या परत आल्या. तिसरी एका म्हाताऱ्या सनईवाल्याची. ती तोंडात बसेना, फुंकर दातांच्या कडेने निसटे. तो स्वतःच कवळी रुमालात गुंडाळून आला. "बाई, एरवी दात नसले तरी चालेल मला," तो हसत म्हणाला, "पण वाजवताना लाज जाते हो." त्या हसण्याने बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मालकांनी तिला बाजूला घेतलं. "घरी सगळं ठीक आहे ना? तुझं काम मी कधी तपासत नव्हतो. आता तपासावं लागेल असं करू नकोस."

"डोळ्यांचा नंबर वाढलाय," ती म्हणाली. आणि नवीन ठशात प्लास्टर ओतून पुन्हा फोन काढला.

नणंदेचा वाढदिवस रविवारी होता. दुपारी तिघं टेबलाशी बसली होती, केक अर्धा कापून झाला होता. नणंदेचा फोन वाजला आणि तिने मोठ्याने वाचलं, "'लाडक्या खेळाडू, वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा! तुमच्या खात्यात पन्नास फिरक्या फुकट.' हे कोण मेले? माझा वाढदिवस यांना कुणी सांगितला?"

"असले मेसेज सगळ्यांनाच येतात," नवरा म्हणाला आणि त्याने केकचा दुसरा तुकडा घेतला.

नणंद हसली नाही. फोनवरून तिची नजर वर आली ती थेट बारकीवर. बारकी उठून उगाचच पाणी आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेने फोन केला. "वहिनी, कामावर जायच्या आधी तलावावर ये. आज इथे कुणी नाहीये."

बारकी गेली. पायऱ्यांवर दोघी बसल्या. नणंद शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"मी त्या खेळवाल्यांना फोन केला होता," ती म्हणाली. "माझ्या नावावर खातं आहे म्हणे. आठ महिने झाले. वहिनी, मला फसवलंस याचा राग नंतर करते. आधी हे सांग, तुला थांबता येतंय का?"

"येतं ना. मनात आणलं तर..."

"मग का नाही आणलंस?"

बारकीने तोंडाला पदर लावला आणि ती हमसून हमसून रडली. नणंद जवळ सरकली नाही, पण उठूनही गेली नाही. रडणं ओसरल्यावर तिने आपला फोन पुढे केला. जुगार सुटत नसलेल्यांसाठीच्या मदतीचा नंबर त्यावर काढून ठेवला होता.

बारकीने तो लावला. पलीकडे एक बाई होती, आवाज शांत. तिने नाव विचारलं नाही. तिने विचारलं, "शेवटचं कधी खेळलात?"

बारकीने नणंदेकडे पाहिलं. "आत्ता. इथे येताना बसमध्ये."

"खरं सांगितलंत ते बरं केलं," बाई म्हणाली. मग तिने करायच्या गोष्टी सांगितल्या: दोन्ही खाती बंद करून पाच वर्षं आपल्याला खेळूच देऊ नये असा अर्ज द्यायचा, बँकेला सांगून जुगाराचे व्यवहार अडवायचे, कार्ड घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यायचं. दर शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत अशी माणसं जमतात, तिथे जायचं. "आणि नवऱ्याला तुम्हीच सांगा. कुणाकडून कळण्याआधी."

"जन्मात परत खेळणार नाही अशी शपथ घेऊ का?" बारकीने विचारलं.

"नको. आज संध्याकाळपर्यंतचं बघू. संध्याकाळी वाटलं तर परत फोन करा."

नवरा कामावरून आल्या आल्या तिने सांगितलं. जेवल्यावर सांगू म्हटलं असतं तर धीर सुटला असता. तो दारातच उभा राहून ऐकत होता, अवजारांची पिशवी खांद्यालाच.

"म्हणजे ते मशीनसुद्धा त्याच पैशाचं?"

"हो."

"आणि माझ्या बहिणीच्या नावावर?"

"हो."

तो बूट न काढता तसाच बाहेर पडला. बारकी दाराशी येरझाऱ्या घालत राहिली. तासाभराने तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. "एवढं काय कमी होतं गं आपल्यात?" त्याने विचारलं. कमी काहीच नव्हतं, हे त्याला कसं पटवावं ते तिला कळेना. आठवडाभर तो कामापुरतंच बोलला. पण शनिवारी वाचनालयापाशी तिला सोडायला तोच आला.

खेळ थांबला तरी हात थांबेनात. बोटं सारखी शिवशिवायची. प्लास्टर ओतलं की ती खोलीला चकरा मारायची, ब्रश धुऊन ठेवायची, धुतलेले पुन्हा धुवायची. मालकांना तिने खरं ते सांगून टाकलं. त्यांनी सनईवाल्याचं काम पुन्हा तिच्याचकडे दिलं, आणि या वेळी ते शेजारी बसून बघत राहिले. ते बघणं तिला टोचलं, पण तिने सोसलं. तीन वेळा दाढा काढून बसवल्या.

पाचव्या आठवड्यात एक दुपार अशी आली की तिला राहवेना. कामावरच्या कॉम्प्युटरवर तिने जुगाराची भलतीच एक साइट शोधून काढली. कार्ड नणंदेकडे होतं, पण त्यावरचे सगळे आकडे तिला तोंडपाठ होते. तिने ते भराभर टाइप केले. बँकेने व्यवहार नाकारला. तिने पुन्हा टाकले. पुन्हा नकार. तेव्हा बँकेचा तिला एवढा संताप आला की कानशिलं तापली. मग ती खुर्चीत मागे टेकली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

शनिवारी तिने हे सगळं जमलेल्यांपुढे सांगितलं. माना खाली जातील असं तिला वाटलं होतं. समोरचा न्हावी म्हणाला, "मलाही पाठ होता नंबर. कार्डच बदला की."

सोमवारी नणंद-भावजय बँकेत गेल्या. नणंदेचा राग अजून पुरता गेला नव्हता. काउंटरवरच्या क्लार्कने अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, "जुनं कार्ड हरवलं का?"

"नाही हो," बारकी म्हणाली. "पाठ झालंय."

क्लार्कला काही कळलं नाही. नणंदेला मात्र हसू आवरेना. तिने तोंड फिरवलं, पेन उचललं आणि वहिनीच्या हातात दिलं.