गिम आधी संपली तर

ताटाच्या डाव्या खणात गिमचा एकच पापुद्रा उरला होता — तळहाताएवढा, काळसर हिरवा, मिठाचे दोन-चार कण अंगावर घेऊन कडेला किंचित वळलेला — आणि भात संपला होता. समुद्रशेवाळाचा तो कुरकुरीत चौकोन नुसताच तोंडात टाकावा की ठेवून द्यावा, एवढाच विचार मा ह्ये-रानच्या मनात यायला हवा होता. गेले चौतीस दिवस रोज सकाळी हेच होत आलं होतं. पण आज तिचा हात ताटावरच थांबला. भात आधी संपला, म्हणून गिम उरली. गिम आधी संपली असती तर भात उरला असता... आणि उरलेल्याचं माप दोन्हीकडे सारखंच भरलं असतं तर — तर कोण आधी संपलं, हे नुसत्या ताटाकडे बघून कुणाला सांगता आलं असतं?

"शेवटच्या दिवशी शेवाळाचं सूप," समोर बसलेल्या ताक मी-ऊ म्हणाल्या. त्या भौतिकशास्त्र तपासायच्या, आणि चौतीस दिवस दोघी एकाच खोलीत होत्या. "त्या आचाऱ्याला कुणी सांगा, हे निसरडं असतं, परीक्षा जवळ आली की कुणी तोंडाला लावत नाही. घसरायची मुलं ती घसरतीलच, आपण कशाला पाय घसरून पडावं?"

"तुम्ही दोन वाट्या प्यायलात, ताकबाई."

"मी कुठे परीक्षेला बसतेय?"

ह्ये-रान हसली. हसू ओठांपाशीच थांबलं.

या हॉटेलच्या फाटकावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती. खिडक्यांच्या काचांवर पांढरा कागद चिकटवलेला होता, फोन पहिल्याच दिवशी काढून घेतले गेले होते, आणि कचऱ्याच्या पिशवीतली संत्र्याची सालसुद्धा पहारेकरी उलगडून बघायचे. देशभरातली मुलं एकाच दिवशी ज्या परीक्षेला बसतात, जिच्या इंग्रजी श्रवणाच्या वेळी विमानंसुद्धा आकाशात घिरट्या घालत थांबतात, तिच्या प्रश्नपत्रिका इथे घडत होत्या. प्राध्यापक प्रश्न काढायचे आणि शाळांतले शिक्षक ते मुलांसारखे, घड्याळ लावून सोडवून बघायचे. ह्ये-रान रसायनशास्त्र तपासायची. दुपारी चार वाजता 'हरकत नाही' अशा सह्यांचा तक्ता फिरणार होता, आणि त्यानंतर कागद छापखान्यात जाणार होते.

ती खोलीत आली. दार लावलं. कागद घेतला.

विसावा प्रश्न, शेवटचा. अ आणि ब हे दोन वायू एका भांड्यात. अ चार मोल, ब दोन मोल. ब चा एक भाग लागतो, तयार होणाऱ्या क चे दोन भाग बनतात. अ चे किती भाग लागतात, ते शोधायचं. दोघांपैकी एक संपतो, दुसरा थोडा उरतो, आणि उरलेला व नवा यांचं प्रमाण एकास दोन. अ संपला असं धरलं की उत्तर चार. तिनं ते कितीदा तरी सोडवलं होतं, तपासणाऱ्या बाराही जणांनी सोडवलं होतं, दोन मिनिटांच्या आत, आणि सगळ्यांचं उत्तर चारच आलं होतं. कारण वीस-वीस वर्षं असे प्रश्न सोडवलेल्या माणसाला वास येतो — ज्याचा आकडा विचारलाय तोच संपणार, प्रश्न काढणाऱ्यांची रीतच तशी.

आता तिनं उलट धरलं. ब संपला. मग क चार मोल. अ चा एक भाग लागत असेल तर अ दोन उरतो. दोनास चार... एकास दोन.

एक. पर्यायांतला पहिलाच.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा एक आला. दोन उत्तरं, दोन्ही निर्दोष, दोन्ही पर्यायांत शेजारधर्म पाळत बसलेली. आणि परवापर्यंत हे नव्हतं! परवापर्यंत ब तीन मोल होता, प्रमाण एकास एक होतं, आणि दुसरी वाट आपोआप बंद होती. पण पुढच्या पायरीत अपूर्णांक येत होता, मुलांची चाळीस सेकंदं फुकट जात होती, म्हणून कुणीतरी सुचवलं होतं की तिनाचे दोन करावेत... कुणीतरी काय — मी. मीच सुचवलं. आणि आमच्या गटाचे प्रमुख, माझे जुने प्राध्यापक दो सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले होते, "तू अजून पोरांच्याच बाजूनं बघतेस." त्या शब्दांनी मी दिवसभर सुखावले होते.

पोरांच्या बाजूनं. पोरांच्या कुठल्या बाजूनं?

वर्गात ती हा धडा भात आणि गिमनेच शिकवायची. दहा गिम, आठ मुठी भात, तर किती गुंडाळ्या होतील आणि काय उरेल? मुलांना भूक लागायची, आकडे मात्र लक्षात राहायचे. मागच्या बाकावरची पियोन बो-सोल सगळ्यांनी उत्तर लिहिल्यावर हात वर करायची, अर्धाच, कोपर बाकावर टेकवून. "बाई, आणि गिम आधी संपली तर?" वर्ग हसायचा. तिच्या वहीत प्रत्येक गणित दोनदा असे, एकदा या बाजूनं आणि एकदा त्या. दुसरं नेहमी कुठेतरी ऋण संख्येवर जाऊन आपटायचं, आणि त्याखाली ती नीट रेघ मारून लिहायची — शक्य नाही. एकदा घड्याळ हातात धरून ह्ये-राननं तिला म्हटलं होतं, "बो-सोल, परीक्षेत ते होत नाही. प्रश्न काढणाऱ्यानं ते आधीच बघितलेलं असतं. तू वेळ बघ."

मागच्या वर्षी बो-सोलचे चार प्रश्न कोरे राहिले. यंदा ती पुन्हा बसणार होती. फेब्रुवारीत संत्र्यांची पिशवी घेऊन भेटायला आली होती, केस कापलेले, गालफडं वर आलेली. "बाई, आता मी दुसरी बाजू बघत नाही. सवय मोडली." मग थोडं थांबून, "जवळजवळ मोडली." आणि मी म्हणाले होते, शाब्बास.

इथे येण्याआधी भरून घेतलेल्या अर्जात विचारलं होतं, आपलं अपत्य यंदा परीक्षेला बसत आहे काय? तिनं लिहिलं होतं — अपत्य नाही. विद्यार्थ्यांसाठी रकाना नव्हता.

अकरा वाजता ती दो सरांच्या खोलीत गेली. ते खुर्चीत बसून भाजलेले चेस्टनट सोलत होते, साल एका वाटीत, गर दुसऱ्या वाटीत. सत्तावीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत आम्लानं तिचा हात भाजला तेव्हा याच माणसानं तिचं मनगट वीस मिनिटं नळाखाली धरून ठेवलं होतं, स्वतःची बाही भिजवत, आणि एक शब्दही रागाचा बोलला नव्हता.

"सर, विसाव्यात ब आधी संपला तर एक येतो."

त्यांनी पेन्सिल घेतली. सावकाश, शाळकरी मुलासारखं, एकेक पायरी लिहीत गेले. शेवटच्या ओळीखाली त्यांची पेन्सिल बराच वेळ टेकून राहिली.

"कुणाला बोललीस?"

"कुणालाच नाही."

"तिनाचे दोन तू केलेस."

"हो सर."

"आणि सही मी केली." त्यांनी चष्मा काढला. "बारा जणांनी सोडवलं. एकालाही दिसलं नाही. तुलाही आज दिसतंय. मग पोरांना कुठून दिसणार? दुसरी बाजू बघू नका, असं तुम्हीच तर घोकून घेता त्यांच्याकडून."

"एकीला दिसेल, सर."

"एकीला." हा शब्द त्यांनी चेस्टनटसारखा बोटांत फिरवून पाहिला. "पाकिटं मोहोरबंद झालीत. उघडायची तर समितीपुढे कारण लिहायचं, नाव लिहायचं. कुणाचं लिहू? तुझं लिहिलं तर तुला पुन्हा इथे कुणी बोलावणार नाही. माझं लिहिलं तर... फेब्रुवारीत निवृत्त होतोय मी, ह्ये-रान. निरोपाला लोक फुलं आणतात. माझ्या निरोपाला वर्तमानपत्राची कात्रणं आणतील."

ती उभीच होती.

"मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही," ते म्हणाले. "चारला तक्ता येईल. तुझा रकाना तुझा." आणि सोललेला एक गर तिच्या तळहातावर ठेवत म्हणाले, "खा. तोंड बघ किती सुकलंय."

ते रागावले असते तर किती सोपं झालं असतं.

दुपार कागद लावलेल्या काचांतून दुधासारखी झिरपत होती. ताकबाई पलंगावर ह्वातूचे पत्ते पिसत होत्या. "मा बाई, या बसा. आता परीक्षा संपेपर्यंत दहा दिवस नुसते पत्ते. हरलेल्यानं पाय चेपायचे."

"डोकं दुखतंय."

"डोकं वापरलंत ना, म्हणून. मी सोमवारपासून बंद ठेवलंय."

टेबलावर हरकतीची चिठ्ठी होती. गुलाबी, तीन रकान्यांची — प्रश्न क्रमांक, हरकत, नाव. ह्ये-राननं वीस लिहिलं. मग थांबली... तिच्या डोळ्यांपुढे परीक्षेची दालनं येत होती, एकामागून एक, हजारो वाकलेल्या माना, आणि त्या सगळ्या माना चारवर खूण करून पान उलटत होत्या, बरोबर ठरत होत्या, न बघितल्याबद्दल बरोबर ठरत होत्या; आणि कुठल्याशा दालनात एक मान अजून वर आली नव्हती. तिनं दुसरी बाजू धरली होती, जवळजवळ मोडलेल्या सवयीनं, आणि यावेळी ती ऋण संख्येवर आपटली नव्हती. शक्य नाही, असं लिहायला खाली जागाच उरली नव्हती. ती आता पहिल्या ओळीवर परत जाईल. मग पुन्हा परत जाईल. घड्याळ चालू राहील, आणि चूक आपलीच असणार असं तिला वाटेल — कारण प्रश्न काढणाऱ्यानं ते आधीच बघितलेलं असतं.

किंवा सवय पूर्णच मोडली असेल. चारवर खूण करून ती सुखानं पुढे जाईल. यातलं अधिक भयंकर कोणतं, हे ह्ये-रानला ठरवता येईना.

हरकतीच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलेलं असतं: 'एकाहून अधिक उत्तरे संभवतात'. हे वाक्य तिला पाठ होतं. हातानं मात्र दुसरंच लिहिलं — आणि ब आधी संपला तर? लिहून झाल्यावर तिला दिसलं की हे अक्षरही तिचं वाटत नव्हतं. अर्ध्या वर केलेल्या हातासारखं ते एका बाजूला कललं होतं.

नावाचा रकाना कोरा होता.

कॉरिडॉरमध्ये पावलं ऐकू आली. तक्ता निघाला होता. पलीकडची तिसरी खोली, टकटक, दार, पेनाचं टोपण, दार. मग दुसरी. "आले बघा जावईबापू," ताकबाई पुटपुटल्या आणि केस सारखे करू लागल्या. ह्ये-रानच्या छातीत सकाळपासून बसलेली भीती तशीच होती, तसूभरही हलली नव्हती. फक्त ती स्वतः आता भीतीच्या या बाजूला नव्हती. ती मागच्या बाकावर बसली होती, कोपर लाकडावर टेकवून, एका किडकिडीत मुलीच्या शेजारी, दोघींच्या मधे एकच उघडी वही. आणि समोर फळ्यापाशी एक बाई हातात घड्याळ धरून, अतिशय मायेनं, सांगत होत्या की ते सगळं आधीच बघितलेलं असतं.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या बाईंवर विश्वास ठेवला नाही.

टकटक झाली.