अव्वल दर्जाची फरशी

"अहो, बसा ना एका जागी. तुमच्या येरझारांनी मला गरगरायला लागलंय."

"येरझारा कुठल्या? फरशीचे सांधे बघतोय मी."

"सांधे काय पळून जाणार आहेत?" बायको म्हणाली.

मिस्त्री बसले आणि लगेच उठले. घरपट्टीचा तपासनीस अकराला येणार होता आणि आत्ताशी कुठे सव्वानऊ वाजत होते. तरी त्यांनी चार वेळा दार उघडून पाहिलं होतं. शेवटी ते गुडघे सांभाळत खाली टेकले आणि दोन तुकड्यांच्या मधल्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठेही न अडकता इकडून तिकडे गेलं. एरवी या गोष्टीने त्यांची छाती फुगायची, आज मात्र त्यांनी नख पटकन मागे घेतलं.

चाळीस वर्षं मिस्त्रींनी लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. काम संपलं की उरलेला तुकडा किंवा कोपरा फुटलेली लादी मालकाला विचारून पिशवीत टाकायची आणि घरी आणायची, हा त्यांचा शिरस्ता. बायको ते तुकडे जमिनीवर मांडून बसायची. आठ आठ दिवस फिरवून बघायची आणि मग एके दिवशी बोट ठेवून म्हणायची, "हा इथे." मिस्त्री मुकाट्याने तिथेच बसवायचे. सराफाच्या दुकानातला पांढरा संगमरवर, दवाखान्यातली हिरवी लादी, कुणाच्या ओट्याचा काळा ग्रॅनाइट. फुकटच्या मालातून पुढची खोली अशी उठून दिसायला लागली की आलेला माणूस दारातच थबकायचा.

तीन वर्षांपूर्वी बायकोची नजर गेली. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. पण घरात ती आजही बिनधास्त चालते, तीही अनवाणी, तळपायांच्या भरवशावर. दाराशी गार संगमरवर, मग दगडाची खरबरीत पट्टी, पट्टी संपते तिथे हाताच्या पंजाएवढा गुळगुळीत तुकडा. तिथे डावीकडे वळलं की स्वयंपाकघर. लेकीने आणून दिलेली काठी खिळ्याला लटकून धूळ खातेय.

आणि यंदा नव्याने आकारणी झाली. कुणीतरी येऊन खोलीचा फोटो काढून नेला आणि कागदावर लिहिलं, 'फरशी नक्षीची, अव्वल दर्जा.' घरपट्टी दुपटीच्याही वर गेली. गुडघ्यांमुळे काम सुटलेलं, त्यामुळे मार्ग एकच उरत होता, पुढची खोली भाड्याने द्यायची. म्हणजे बायकोच्या वाटेवर परक्या माणसाची खाट येणार आणि तिने स्वयंपाकघरात कोंडून घ्यायचं. मिस्त्रींना तो विचारच सहन होत नव्हता.

म्हणून त्यांनी हरकत नोंदवली. सुनावणीला जाताना 'तुकड्यांची फरशी आहे हो साहेब' हे वाक्य पाठ करून गेले होते. पण साहेबांनी फोटो पाहिला आणि सहज विचारलं, "काम कुणाचं हो? सुरेख आहे."

झालं. मिस्त्रींना राहवलं नाही.

"माझंच साहेब! सांध्यात ब्लेड घालून दाखवा, जाणार नाही."

"मग अव्वलच की," असं म्हणून साहेबांनी पेन उचललं. स्वतःच्या पायावर असा धोंडा पाडून घेतल्यावर हातापाया पडून मिस्त्रींनी जागेवरची तपासणी तेवढी मागून घेतली. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आज तरी जीभ आवरा," ती आता म्हणाली. "भंगार आहे म्हणायचं. दुसरा शब्द नको."

"तू निवडलेलं भंगार?"

"मीच निवडलं, मीच म्हणतेय. म्हणा बघू."

"भंगार," मिस्त्री पुटपुटले. फरशीने ऐकू नये इतक्या हळू.

तपासनीस आला तो साडेअकराला. तरुण, घामाघूम, बगलेत फायली. कुणी न सांगता त्याने दाराबाहेर बूट काढले. मिस्त्रींच्या मनात आलं, संपलं सगळं. भंगारावर पाय ठेवताना कोण बूट काढतं?

तो वाकला, बोट फिरवलं, मग मान हलवली. "काका, याला तुम्ही तुकडे म्हणता? तुकड्यांना असे सांधे येतात होय?"

"भंगार आहे साहेब," मिस्त्री घाईघाईने म्हणाले.

"अहो, पण मलाही वर उत्तर द्यावं लागतं. बिलं आहेत का काही?"

"उरल्यासुरल्याचं बिल कोण देतं?"

"मग मी लिहू तरी काय?"

मिस्त्रींनी खिशातला रुमाल काढला, परत ठेवला.

"उकरून दाखवा त्यांना," स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली. "वळणाचा काढा. तिथे तीन घरांचा माल शेजारी शेजारी आहे."

"अगं, तो नको. दुसरा कुठलाही..."

"तोच काढा."

मिस्त्रींनी छिन्नी लावली. लोकांच्या फरश्या त्यांनी हजारदा उकरल्या होत्या, आपल्या घरातली आज पहिल्यांदा. हातोडीचे घाव ते हलकेच घालत होते. तुकडा निघाला. पाठीला दवाखान्यातलं जुनं, वेगळ्या रंगाचं सिमेंट चिकटलेलं होतं. खड्ड्याच्या कडेला शेजारच्या लाद्या दिसत होत्या, एक बोटभर जाड, दुसरी बिस्किटासारखी पातळ, खाली सिमेंटचा थर कमीजास्त करून वर एका पातळीत आणलेल्या. तपासनीस बराच वेळ बघत राहिला. मग फोटो काढून त्याने लिहिलं, 'टाकाऊ तुकड्यांचे काम. दर्जा कनिष्ठ.'

"इथे सही करा काका. कमी होईल आता."

मिस्त्रींनी सही केली. चाळीस वर्षांत स्वतःच्या एकाही कामावर त्यांनी नाव घातलं नव्हतं. घातलं ते हे असं.

तो गेल्यावर त्यांनी सिमेंट कालवलं आणि तुकडा बसवायला घेतला. पाणसळीतला बुडबुडा काही केल्या मध्ये येईना. तीनदा काढला, तीनदा बसवला. गुडघे बोंब मारत होते आणि सिमेंट घट्ट होऊ लागलं होतं.

"बसला का?" आतून बायकोने विचारलं.

"बसला," मिस्त्री म्हणाले. "उद्यापर्यंत पाय देऊ नकोस."

काम बिघडलेलं असताना 'बसला' असं त्यांनी कुठल्याही मालकाला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाराकडून आली. संगमरवर, खरबरीत पट्टी आणि वळणावर पाय थांबला. अंगठ्याने तिने त्या तुकड्याची कड हळूच चाचपली.

"केसभर वर आहे."

"हात ऐकत नाही गं आता," मिस्त्री म्हणाले. त्यांनी छिन्नीकडे हात नेला. "परत उकरतो."

"काही नको. बरंच झालं उलट. आता वळण चुकायचं नाही."

ती वळली आणि आत गेली. तीन वर्षांत ती एकदाही वळण चुकली नव्हती.

आत चहाचं आधण वाजायला लागलं. मिस्त्री भिंतीला धरून खाली टेकले आणि त्यांनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. ते अडकलं.