टक्क्याच्या खुणेपुढचं

"एवढे कंस कशाला घालतात कोण जाणे. माणसानं श्वास घ्यायचा कुठे?"

पुढच्या खोलीत सासरे स्वतःशीच पुटपुटत होते. दार उघडंच होतं, त्यामुळे कप विसळणाऱ्या सुनेला शब्दन् शब्द ऐकू आला. आधी तिला हसू आलं. मग कप नळाखाली तसाच राहिला. तयार पुस्तकात महिरपी कंस एकही नव्हता. कंस होते ते तिच्या कच्च्या फाइलीत, जिच्यातून यंत्र पुस्तक जुळवायचं.

नवरा खिडकीपाशी बुटांना पॉलिश करत बसला होता.

"बाबांना काय छापून दिलंस?"

"पुस्तक. परवापासून मागे लागले होते, सगळं एकदा तपासायचंय म्हणून. ऑफिसातून छापून आणलं."

"कुठली फाइल?"

"दोन होत्या, नाव एकच. पहिली दिसली ती छापली. का गं?"

तिनं नळ बंद केला.

सासऱ्यांनी एकतीस वर्षं तंत्रशाळेत पंपदुरुस्ती शिकवलेली. निवृत्तीनंतर ते सगळं कागदावर उतरवायचं त्यांनी मनावर घेतलं. पहिली चाळीस पानं मुलाच्या कॉम्प्युटरवर, नेहमीच्या वर्डमध्ये झाली. तिथे चौथी आकृती बोटभर सरकवली की नववी पुढच्या प्रकरणात जाऊन बसायची, आणि 'आकृती सहा पाहा' म्हणावं तर तिथे नुसताच एक नट. सासरे माऊस आपटायचे, मुलगा घराबाहेर पडायचा.

शेवटी सून मध्ये पडली. ती छापखान्यात शास्त्रीय लेखांची अक्षरजुळणी करायची. हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं, आपलं आपण शिकलेली, त्यामुळे तोरा जरा जास्तच. "बाबा, ते वर्ड सोडा," ती म्हणाली. "तुम्ही हातानं लिहा, मी साध्या मजकुरात घालते. इथे प्रकरण सुरू, इथे आकृती, एवढ्याच खुणा करायच्या. आकडे, जागा, अनुक्रमणिका सगळं यंत्र बघतं."

"म्हणजे जॉब कार्डासारखं," सासरे खूश होऊन म्हणाले. "काय हवं ते आपण लिहायचं, करणारा करतो." मग त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि तासभर एकेक खूण विचारत बसले. टक्क्याची ही खूण कशाला? "तिच्यापुढे त्या ओळीत जे लिहू ते यंत्र पुस्तकात छापत नाही," तिनं सांगितलं. "आपल्यापुरतं टिपण."

आणि या आपल्यापुरत्या टिपणांनीच घात केला.

वॉशर कुठल्या बाजूनं बसवायचा, यावर सासऱ्यांनी दुसऱ्या प्रकरणात सुरेख पानभर लिहिलं होतं. पाचव्या प्रकरणाच्या कागदांत तेच पान पुन्हा आलं, जवळजवळ त्याच शब्दांत. तिच्या लक्षातही आलं नसतं. पण प्रत्येक भागाला ती खुणेचं नाव द्यायची, आणि हे नाव आधीच दिलेलं आहे अशी यंत्रानं कुरकुर केली. सातव्या प्रकरणात पुन्हा तेच. तिनं नवऱ्याला सांगायला सुरुवात केली तर तो वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "वय झालं की व्हायचंच." तेव्हापासून विषय तिकडे वळला की दोघांपैकी कुणीतरी चहा टाकायला उठायचं.

मग ती गुपचूप कात्री चालवू लागली. पान काढायचं आणि जागेवर टक्क्याची खूण करून टिपण ठेवायचं. सुरुवातीला सरळ लिहायची: 'पुन्हा आलंय, काढलं.' पुढे पुढे हात सैल सुटला.

आता ती ओल्या हातांनी दारात उभी होती. सासरे टेबलाशी बसले होते, चष्मा नाकावर उतरलेला, हातात लाल पेन्सिल. मुलांची जर्नलं तपासायचे तसं एकेक पान तपासून डावीकडे पालथं ठेवत होते.

"ये सूनबाई. बस."

ती बसली. समोरचं पान तिला उलटं दिसत होतं, तरी ओळ वाचता आली. वाचायची गरजच नव्हती, पाठ होती: 'वॉशर महाराज तिसऱ्यांदा अवतरले.' त्याच्यापुढे लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केलेली होती.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. छापखान्यात त्या दिवशी तिनं ही ओळ शेजारणीला वाचून दाखवली होती, आणि दोघी खुदुखुदु हसल्या होत्या.

"बाबा, ते नुसतं कामापुरतं..."

"टक्क्यापुढचं छापत नाही. तूच सांगितलंस, पहिल्या दिवशी. ते बघ कसं लक्षात राहिलं." त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर तिची दुसरी ओळ होती: 'बाबांना लिहिल्याचं आठवत नाही. विचारायचं नाही, परस्पर काढायचं.' तिथेही खूण. पण ही खूण पेन्सिल जोरात टेकवून केलेली, कागद थोडा फाटला होता.

मुलगा दारात आला होता, एका पायात बूट. "बाबा, यंत्राचा घोळ असेल. या तिच्या नव्या पद्धतीत..."

"पद्धत उत्तम आहे," सासरे म्हणाले. "आकृत्या जागच्या जागी आहेत सगळ्या. तेवढं एक सांगायचं होतं."

"चहा टाकू?" मुलगा म्हणाला.

"नको."

सुनेला वाटलं, त्यांनी रागवावं. कागद फेकावेत, महाराज कुणाला म्हणतेस म्हणून विचारावं. म्हणजे पाय तरी धरता येतील. त्यांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली, ती घरंगळू नये म्हणून बोटानं धरून राहिले, आणि दोघांकडे न बघता, वर्गात बोलायचे त्या स्वच्छ आवाजात बोलले.

"वॉशरची तिन्ही पानं माझ्या अक्षरातली असणार, त्यात वाद नाही. पण त्यातलं एकच लिहिल्याचं मला आठवतंय. तुम्ही कुणी बोलणार नाही, तर मीच बोलतो. मी विसरायला लागलोय."