ओल्या चादरींमागची हवा

विमानतळाच्या भरावाचं काम सुरू झालं आणि समोरची टेकडी पिठासारखी बारीक होऊन लोकांच्या घरात शिरायला लागली. गल्लीत कोणी नाक मुरडलं, कोणी अर्ज केले. एका घरात मात्र सासऱ्यांचा दमा उसळला. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, धूळ थांबवा, नाहीतर यांना इथून हलवा.

हलवायचं सुनेला मुळीच मान्य नव्हतं. नवरा सदा फिरतीवर, आणि घरात हक्काने भांडायला हे एकच माणूस. ते गेले तर घर खायला उठेल, हे ती जाणून होती.

तिने कंबर कसली. सासऱ्यांच्या गॅलरीला दोऱ्या बांधून त्यांवर ओल्या चादरी सोडल्या. वाळल्या की पुन्हा भिजवायच्या. खोकला बराच उतरला.

"घराचा पार धोबीघाट केलास," सासरे म्हणायचे.

"टोमणे मारायला दम पुरतोय ना? मग झालं," ती म्हणायची.

पुढे भरावाचं काम करणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, की हद्दीवर उंच पत्र्याची भिंत आणि पाण्याचे फवारे बसवू. पण धूळ मर्यादेबाहेर असेल तिथेच. मोजायला प्रत्येक गल्लीत एक घर निवडलं. या गल्लीत हिचं. मोजणीवाला यंत्र गॅलरीच्या कठड्यापाशी ठेवून गेला. एवढी महागाची वस्तू, उघड्यावर धुळीत कशाला, म्हणून तिने ते उचलून चादरींच्या आत सरकवलं. वर रोज मऊ फडक्याने पुसलंही. आता काय बोलावं! धूळ मोजायला आलेल्या यंत्राला या बाईने धुळीपासून जपलं.

निकाल लागला. या गल्लीची हवा सगळ्यांत स्वच्छ, भिंतीची गरज नाही. शेजारपाजार तिच्यावर तुटून पडला. मोजणीवाला यंत्र न्यायला आला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगून टाकलं. त्याने चादरींकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"पुन्हा मोजतो, ताई. पण आठवडाभर चादरी लावायच्या नाहीत. यंत्राला हात लावायचा नाही."

"आणि यांचा श्वास?"

त्याने आत सासऱ्यांकडे पाहिलं. "तेवढे दिवस यांना कुठे पाठवता येईल का?"

नणंद दुसऱ्या गावी राहायची. सुनेने बॅग भरायला घेतली तसे सासरे बिथरले.

"घराबाहेर काढतेस मला?"

"भिंत उभी राहीपर्यंत, बाबा. मग या की परत, माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला."

ते गेले. चादरी उतरल्या आणि धुळीने घराचा ताबा घेतला. पलंग, भांडी, तिच्या पापण्या, काही म्हणून सुटलं नाही. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला. भिंत मंजूर झाली आणि दोन महिन्यांत उभीही राहिली. फवारे सुरू झाले. कालपर्यंत शिव्या देणारे शेजारी तिला दारात थांबवून चहाला बोलवू लागले. तिने सासऱ्यांची खोली घासूनपुसून लख्ख केली, गादीला ऊन दिलं आणि फोन लावला.

"कधी येताय, बाबा? इथे आता काही त्रास नाही."

"भिंत झाली ते फार चांगलं केलंस, गल्लीवर उपकार आहेत तुझे. पण मी काय म्हणतो, सूनबाई, इथे मी रोज तळ्यापर्यंत चालत जातो, जिना चढतो, रात्री आडवा होऊन झोपतो. भिंतीपलीकडे काम अजून काही वर्षं चालायचंच. तेव्हा मी इथेच राहीन म्हणतो. रागावू नकोस."

तिला राग आलाच. एवढं सगळं कोणासाठी केलं, हे विचारायला तिने तोंड उघडलं. पण काम सुरू झाल्यापासून सासऱ्यांना धाप न लागता एवढं सलग बोलताना तिने आज पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"राहा," ती म्हणाली. "मी येईन अधूनमधून भांडायला."

फोन ठेवून ती त्या लख्ख खोलीत बसली आणि हमसून हमसून रडली.