हाताला वजन लागलं पाहिजे

मी चाक बोलतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, रागात बोलतोय.

पूर्ण गोल चाक नाही मी. वरचा भाग कापलेला, दोन्ही बाजूंना मुठी असलेलं विमानाचं चाक. खऱ्या विमानात मात्र मी कधीच बसलो नाही. एका घरातल्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाला चार बोल्टांनी आवळलेला असतो. समोर संगणक, संगणकात आकाश. मला ओढलं की पडद्यावरचं विमान नाक वर करतं, ढकललं की खाली घालतं, वळवलं की कलतं. एवढं ऐकलं की लोक हसून म्हणतात, "म्हणजे खेळणंच की!"

खेळणं! हा शब्द कानावर आला की माझ्या बेअरिंगमधलं ग्रीस तापतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगूनच टाकावं.

माझ्या मालकिणीला सगळे क्रेनबाई म्हणतात. ओतकामाच्या कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं छताखालची क्रेन चालवली. चार मजले उंचावर लटकणारी काचेची केबिन, हातात दांडे, आणि खाली साखळ्यांना टांगलेली वितळलेल्या लोखंडाची बादली. ती बादली जरा हिंदकळली असती तर खालची माणसं उरली नसती. एकतीस वर्षांत ती एकदाही हिंदकळली नाही. असे ते हात. निवृत्तीनंतर ते शेंगा सोलायला लागले आणि दोन महिन्यांत आजारी माणसासारखे दिसायला लागले.

लेकीला ते बघवेना. तिने दुकानातून विमान चालवायचं एक प्लॅस्टिकचं हँडल आणून दिलं. "आई, वेळ जाईल तुझा."

बाईंनी ते हातात धरलं, इकडेतिकडे हलवलं आणि खाली ठेवलं. "याच्या पलीकडे कुणीच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दांडा हलवला की दुसऱ्या टोकाला काहीतरी लटकलेलं असतं. ते हाताला कळतं. इथे नुसतीच हवा आहे."

दुसऱ्या दिवशी बाई कारखान्यातल्या जुन्या टर्नरकडे गेल्या. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. पाण्याच्या पाइपचा माझा दांडा, धुण्याच्या यंत्रातून काढलेली दोन बेअरिंग, मुठींवर रबर, आणि मला मागे खेचून धरायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे. पाठीमागे सुपारीएवढा एक विजेचा तुकडा. मी किती वळलो ते तो संगणकाला सांगतो. टर्नर एकेक पट्टा चढवायचा आणि बाई स्टुलावर बसून, डोळे मिटून मला ओढून बघायच्या.

"अजून जड."

"अहो बाई, खांदे दुखतील."

"दुखू देत. विमान आहे, पतंग नाही."

चौथा पट्टा चढवल्यावर बाई थांबल्या. मला अर्ध्यावर धरून तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "हां. आता आहे कुणीतरी."

मी परिपूर्ण आहे असा माझा दावा नाही. खऱ्या विमानात वेग कमी झाला की चाक हाताला ढिलं लागतं म्हणे. मला ते जमत नाही. मी सदा सारखाच घट्ट. पण बाईंना चालत होतं, तर तुमचं काय जातंय?

आता लोकांना वाटतं, असलं यंत्र खरं वाटायला मोठा पडदा लागतो, हलणारी खुर्ची लागते. आमच्याकडे एक जुना पडदा होता, त्यातही एका कोपऱ्यात डाग. खुर्ची स्वयंपाकघरातली. तिच्या बुडाखाली बाईंनी एक स्पीकर खिळ्यांनी ठोकला होता. इंजिन सुरू झालं की खुर्ची थरथरायची आणि बाईंच्या पाठीला विमान कळायचं. खिडकीबाहेर जे हवामान, तेच पडद्यावर. बाहेर वारा असेल तर आतही वारा. इंजिन सुरू करण्याआधी काय काय तपासायचं त्याची यादी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली. पाठ झाली होती, तरी बाई रोज बोट ठेवून वाचायच्या. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे मध्येच थांबवायचं नाही. तशी सोय संगणकात आहे, एक बटण दाबलं की विमान आकाशात गोठतं. त्या बटणावर बाईंनी चिकटपट्टी लावली होती.

"वर भार लटकलेला असताना मी कधी म्हटलं नाही, थांबा, जरा दार उघडून येते," त्या म्हणायच्या.

दार उघडायचं काम यजमानांचं. पण यजमानांचं खरं काम वेगळंच होतं, आणि माझ्या रागाचं मूळ तिथेच आहे.

ते टेलिफोन खात्यातले ऑपरेटर. नवराबायकोच्या पाळ्या उलटसुलट. तीस वर्षं दोघं दारातच भेटायचे, एक येताना, एक जाताना. "दूध तापवलंय." "गॅसचा माणूस येईल." इतकंच बोलणं. दोघं निवृत्त होऊन एका घरात दिवसभर समोरासमोर आले तेव्हा काय बोलायचं तेच दोघांना ठाऊक नव्हतं. भांडणही नव्हतं हो, नुसती शांतता.

एका दुपारी बाई धुक्यात अडकल्या. धावपट्टी दिसेना. त्या वैतागून मोठ्याने म्हणाल्या, "कुणी सांगेल का, मी कुठे आहे?" यजमान दारात उभे होते. त्यांनी टेबलावरचा नकाशा उचलला, स्वयंपाकघरात जाऊन बसले, आणि तिथून त्यांचा कमावलेला आवाज आला, "विमान, आपला क्रमांक सांगा."

बाई म्हणाल्या, "क्रेन सात." कारखान्यात त्यांच्या क्रेनचा क्रमांक सात होता.

"क्रेन सात, विमानतळाचा टॉवर बोलतोय. आपली उंची सांगा. घाबरू नका, मी लाइनवर आहे."

तेव्हापासून रोज दुपारी चारला हेच. घरात एरवी "अहो" आणि "अगं", पण हवेत गेलं की "आपण". यजमान वहीत वारा लिहून ठेवायचे, धावपट्टीचे क्रमांक पाठ करायचे. उतरल्यावर दोघं चहा घ्यायचे आणि तासभर बोलत बसायचे. आज वळण लवकर घेतलं का, टॉवरने उशीर केला का. मग तिथून गोष्ट कारखान्यावर जायची, टेलिफोनच्या खोलीवर जायची, तीस वर्षांत एकमेकांना न सांगितलेल्या कितीतरी गोष्टींवर जायची. मी हे सगळं ऐकलंय. आणि तुम्ही याला खेळणं म्हणता?

मग बाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दोघं इस्पितळात गेले. आणि घराची किल्ली होती जावयाकडे.

जावई लोकांची घरं सजवून देतो. माणूस वाईट नाही, पण त्याला कुठल्याही खोलीत आधी कचराच दिसतो. त्याच्या मनात सासूबाईंना चकित करायचं होतं. दोन माणसं घेऊन तो आला. भिंत रंगवली. संगणकाला तीन बाकदार पडदे लावले. झुलणारी खुर्ची आली. काळं चकचकीत नवं चाक आलं, त्यावर बटणांची नुसती जत्रा. वर एक आवाजाची सोय, म्हणजे संगणकच टॉवर होऊन बोलणार. पुठ्ठ्यावरची यादी टोपलीत गेली. यजमानांची वही कपाटावर.

माझ्याकडे बघून तो हसला. "हे काय, नळाचं काम केलंय वाटतं!" फटाफट बोल्ट काढले. सायकलच्या ट्यूबचे पट्टे त्याने कात्रीने कापले. कात्रीने! सोडवायलाही थांबला नाही. मग नव्या चाकावर बसून त्याने विमान उडवलं, डोंगरावर आदळलं, खो खो हसला, "परत" म्हणाला, पुन्हा आदळलं. मी जमिनीवर पडून बघत होतो. संध्याकाळच्या आत मी भंगाराच्या हातगाडीवर होतो.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. नंतर यजमान फोनवर बहिणीला सांगत होते, ते ऐकलं. बाई घरी आल्या तेव्हा लेकीने त्यांना हाताला धरून नव्या खुर्चीत बसवलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने अंधूकच. बाईंनी हात पुढे केले, चाक धरलं, जरासं ओढलं.

"माझं चाक कुठाय?"

"आई, हे बघ तरी! किती भारी आहे!"

"बघायचं काय त्यात? हाताला कळतंय. हे हलकं आहे. माझं कुठाय?"

तेवढ्यात संगणकातून एक परका आवाज बोलला, "आपण उड्डाणास सिद्ध आहात." बाईंनी मान वळवली. यजमान दारात उभे होते, हात मागे बांधून, पाहुण्यासारखे.

"तुम्ही का गप्प?" बाईंनी विचारलं.

"टॉवर आहे की आता," यजमान म्हणाले.

बाई खुर्चीतून उठल्या. जावयाला विचारलं, "भंगारवाला कुठला?"

तीन दिवस मी त्या ढिगात होतो. पंख्याची पाती, फुटक्या बादल्या, सायकलचे पेडल. माझं एक बेअरिंग तोवर कुणीतरी काढून नेलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी बाई आल्या, काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, म्हणून इस्त्रीचा शर्ट घातलेले यजमान ढिगावर चढले.

"अहो, जरा डावीकडे बघा."

"इथे सगळंच डावीकडे आहे!"

ते एकेक वस्तू वर द्यायचे आणि बाई चाचपून परत करायच्या. मोटारीचं स्टिअरिंग. "नाही." शिवणयंत्राचं चाक. "अहो, हे काय देताय!" मग त्यांच्या हातात मी आलो. पट्टे तुटलेले, दांडा खडखडतोय. बाईंची बोटं मुठींच्या रबरावर बसली आणि तिथेच थांबली.

"हेच."

भंगारवाला म्हणाला, "ताई, यात आहे काय एवढं?"

"तुम्हाला नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "घरच्यांनाच सांगता आलं नाही."

घरी मग व्हायचं ते झालं. लेक रडकुंडीला आली. "तुला बरं वाटावं म्हणून केलं ना आम्ही?"

"मला बरं वाटतच होतं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

जावई म्हणाला, "आई, अशी खुर्ची खऱ्या वैमानिकांच्या शिक्षणात वापरतात."

"मग त्यांना द्या. मला झुलायचं नाही, उडायचंय." मग बाई म्हणाल्या, "पडदे राहू देत. पडदे छान आहेत. डोंगर स्वच्छ दिसतात."

मला ते आवडलं नाही, खोटं कशाला बोलू? मला वाटत होतं सगळंच परत जावं. पण बाई माझ्यापेक्षा न्यायी आहेत. जावई खुर्ची, नवं चाक आणि ती आवाजाची सोय घेऊन गेला, तो महिनाभर फिरकला नाही. लेक एकटी आली, कपाटावरची वही तिने काढून पुसली आणि वडिलांपुढे ठेवली.

मला दुरुस्त करायला टर्नर नव्हता. तो मुलाकडे दूरगावी राहायला गेला होता, आणि त्याचे हातही आता थरथरत होते. बाईंनीच मला बसवलं. नवे पट्टे, मिळालं ते बेअरिंग. ते नेमकं बसत नाही. डावीकडे वळताना मी कटकन अडखळतो. अजूनही.

गेल्या आठवड्यात बाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवस पडद्याकडे बघायचं नाही. चार वाजले. दोघं चहाविना बसलेली. मग बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून ओरडल्या, "अहो, बसा तुम्ही. आज मी टॉवर."

यजमानांनी मला धरलं ते लोंबकळल्यासारखं. तळवे घामाने ओले. पुठ्ठ्यावरची नवी यादी त्यांनी दोनदा वाचली. उडालो कसेबसे. बाई नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगत होत्या, "नाक खाली घ्या. खाली. आता नुसतं धरून ठेवा, त्याला बोलू द्या." उतरताना आम्ही तीनदा उसळलो आणि धावपट्टी सोडून गवतात गेलो. इंजिन बंद पडलं. यजमानांनी मला तरीही सोडलं नव्हतं.

"विमान, आपण कुठे आहात?"

"गवतात."

"विमानात किती माणसं?"

"मी एकटाच."

"थांबा मग. मी येते."

पट्टी लावलेला डोळा घेऊन बाई भिंतीला धरून आल्या, आणि स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. दोघं किती वेळ हसत होते म्हणून सांगू!

असा आहे मी आज, गंजलेला, अडखळणारा, चार बोल्टांवर घट्ट. मला कुणाची कीव नको. तुमच्या घरातही कुठेतरी असंच काहीतरी पडलेलं असेल, कुणीतरी रोज ठरल्या वेळी हातात घेत असलेलं. तुम्हाला ते कचरा वाटत असेल. वाटू दे. पण उचलून फेकण्याआधी त्या माणसाला एक शब्द विचारा. शब्दाला काही वजन लागत नाही. आणि मला खेळणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी या, बसा, आणि वाऱ्यात मला दोन्ही हातांनी धरून बघा.