गोणीखालची फरशी

"सर, हा डाग जात नाही," नंदाबाई म्हणाल्या.

चेतन सरांनी कॉम्प्युटरवरून मान वर केली नाही. "कसला डाग?"

"गॅलरीतल्या फरशीवरचा. कोळंबीच्या मातीची गोणी आहे ना, तिच्याखालचा."

"मावशी, चार वाजता मुक्ताबाई येतायत. त्यांचा रिपोर्ट छापायचाय. डाग उद्या घालवा. पळून जात नाही तो."

नंदाबाई ओलं फडकं घेऊन तिथंच उभ्या राहिल्या. गुडघे ठणकत होते. स्वारगेटजवळच्या या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं त्या फरशी पुसत होत्या, बाटल्या विसळत होत्या. चाळिशीत विश्रांतवाडीच्या विहारातल्या वर्गात त्यांनी अक्षरं गिरवली, आणि पुढचं वाचन नमुन्यांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांनी शिकवलं. या गोणीवरची चिठ्ठी तर त्यांनीच लिहिली होती. मुक्ताबाई. खाजण. कोळंबीची तळी.

खाजण म्हणजे खाडीकाठची जमीन. भरतीचं पाणी आत शिरलं आणि मुक्ताबाईंचं भाताचं पीक गेलं. आता तिथं कोळंबीची तळी खणता येतील का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. महिन्यापूर्वी त्या स्वतः एसटीनं ओली माती घेऊन आल्या. सरांनी ती ओलीच तपासली. माती चिकण, पाणी धरणारी, आंबटपणा नाही. खाडी अगदी बांधाला लागून. शेरा पडला, 'योग्य'. उरलेली माती गोणीत भरून गॅलरीत ठेवली. ती उन्हानं वाळली, आणि मग वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी तिच्यावर ठिबकत राहिलं.

"खारी माती आहे, पांढरा डाग पडणारच," सर म्हणाले.

"मिठाचा डाग एका हातात जातो. हा खरखरीत लागतोय. फरशी खाल्लीय."

"तुमच्या फरशीला सरकारी मान्यता आहे का?"

"नाही. पण शहाबादीवर लिंबू पिळलं की अशीच होते. ते तुमच्या पुस्तकातही असेल."

सर उठले. गॅलरीत उकिडवे बसून त्यांनी डागावर बोट फिरवलं, गोणीतलं एक ढेकूळ फोडलं. आत हळदीसारख्या पिवळ्या रेघा होत्या. ढेकूळ कुटून त्यांनी पाण्यात कालवलं आणि त्यात आंबटपणा मोजायचा मीटर बुडवला. आकडा जितका खाली, तितकी माती आंबट. ओल्या मातीचा आकडा सात होता. आता साडेतीनवर थांबला.

"वाळली की आंबट होणारी माती आहे ही. वाळवून पुन्हा बघायला हवी होती," सर पुटपुटले. "घाई केली मी."

मुक्ताबाई चारला आल्या. सुकटीची पुडी त्यांनी नंदाबाईंच्या हातात दिली. "रिपोर्ट झाला नव्हं? राधा खराडीत कंपनीत हाय माझी. तळी झाली की नोकरी सोडून घरी येते म्हनली."

सरांनी सरळ सांगितलं. खणलेल्या मातीचे बांध वाळणार, पाऊस लागला की त्यातून आंबट पाणी तळ्यात उतरणार. कोळंबी जगायची नाही.

"चुना टाकला तर?"

"किती टाकाल? खणाल तेवढी नवी निघेल."

"फोनवर तर बरी हाय म्हनलात."

"म्हणालो. चुकलं माझं. या मावशींनी दाखवलं म्हणून कळलं."

मुक्ताबाईंनी नंदाबाईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आभारही नव्हते. "आज दिसलं व्हय तुमाला?"

"तीन दिवस पुसतेय, बाई," नंदाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, माझाच हात चालेना झालाय."

मुक्ताबाई उठल्या. "माझी माती द्या."

"अहो, तिचं आता काय करणार?" सरांनी विचारलं.

"घरची हाय. परगावी कशाला टाकायची?"

दोघींनी गोणी जिन्यापर्यंत ओढत नेली. चुंबळीला काही नव्हतं. नंदाबाईंनी हातातलं फडकं घट्ट पिळलं, गोल वळलं आणि मुक्ताबाईंच्या डोक्यावर ठेवलं. मग दोघींनी मिळून गोणी वर चढवली.

"खराडी काही फार लांब नाही. लेकीला भेटून जा," नंदाबाई म्हणाल्या.

"आज नको," मुक्ताबाई म्हणाल्या. "आज ती विचारंल."

एका हातानं गोणी आणि दुसऱ्यानं कठडा धरून त्या एकेक पायरी उतरल्या. शेवटच्या वळणापर्यंत चुंबळीचं ओलं टोक त्यांच्या कानामागे लोंबताना दिसलं.

नंदाबाई गॅलरीत परतल्या. गोणी ओढलेल्या वाटेवर माती सांडली होती. पुसायला हातात काही नव्हतं. त्या खाली बसल्या आणि ती माती तळव्यानं एका जागी गोळा करू लागल्या.