कुपीतलं बोलावणं

मोहाडीहून लाखोरीच्या डाळीचे वडे घेऊन शकुंतलाबाई लेकीच्या कॉलेजात आल्या, तर टीना प्रयोगशाळेत एक इवलीशी कुपी जिवापाड सांभाळत होती.

"रिकाम्या बाटलीले इतकी काहून जपून राहिली वं?"

"रिकामी नाही आई. तळाशी केमोकाइन हाय. कुठं जखम झाली का अंगातलं हे प्रथिन पांढऱ्या पेशींले तिकडं बोलावते. हे जिवाणूंकडून बनवून घेतलेलं हाय, फक्त प्रयोगासाठी."

टीनाने स्वतःच्याच रक्तातल्या पेशी काचेवर घेतल्या, कडेला त्या प्रथिनाचा विरघळवलेला थेंब सोडला आणि आईला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. शकुंतलाबाईंना आधी नुसते ठिपके दिसले. मग ते लांबट झाले आणि कुठेही न रेंगाळता थेंबाकडे सरकू लागले. वडे निवले, तरी बाईंचा डोळा भिंगावरून हटेना.

"पर यात जखम कुठं हाय?"

"जखम नाहीच. नुसतं बोलावणं हाय."

"अन् तरी सारे निघाले. कोणाले लागलं, किती लागलं, एकानंही विचारलं नाही." शकुंतलाबाईंनी कौतुकाने लेकीकडे पाहिलं. "तुह्या बापाच्या खानदानात हा गुण नाही. हे रगत माह्या माहेरचं हाय."